सुताराची झोपडी पाहिलीत का?

वेरूळला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, "काय काय पाहिलंत?" उत्तर ठरलेलं असतं. कैलास पाहिला, घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं, येताना दौलताबादचा किल्ला खालूनच पाहिला, आणि मुलं दमली म्हणून बाकीचं राहिलं. एका दिवसाच्या सहलीत डबे, पाण्याच्या बाटल्या, सासूबाईंचे गुडघे आणि धाकट्याची भूक सांभाळून एवढं झालं तरी पुष्कळ झालं म्हणायचं! पण मैत्रिणींनो, कैलासाकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला वळायचं आणि थोडंसं चालायचं. तिथे दहा नंबरचं लेणं आहे. बाकी काही राहिलं तरी चालेल, तेवढं मात्र चुकवू नका.

पुस्तकांत त्याला 'विश्वकर्मा लेणं' म्हणतात. आसपासचे लोक त्याला 'सुतार का झोपडा' म्हणत आले. आता झोपडा म्हणावा असं त्यात काय आहे, ते आत गेल्याशिवाय कळत नाही. आणि आत गेलं की वाटतं, अशी झोपडी कुठल्या राजाला तरी मिळाली असेल का!

वेरूळला एकूण ३४ लेणी. त्यांतली पहिली बारा बौद्धांची, पुढची सतरा हिंदूंची आणि शेवटची पाच जैनांची. बौद्धांच्या बारांपैकी अकरा म्हणजे भिक्षूंची राहण्याची जागा, विहार. प्रार्थनेची जागा, ज्याला चैत्यगृह म्हणतात, ती एकटी ही दहा नंबरची. इसवी सनाच्या ७ व्या शतकातली. म्हणजे शेजारचा कैलास कोरायला घेतला, त्याच्याही आधीची.

बाहेरून पाहिलं तर खडकाची भिंत आणि मधे दार. दारातून आत गेलं की मोकळं अंगण लागतं, आपल्या जुन्या वाड्याच्या चौकासारखं. दोन्ही बाजूंना खांबांच्या ओसऱ्या, समोर मजला, मजल्यावर सज्जा आणि सज्जाच्या मागे नक्षीची खिडकी. सज्जाच्या कठड्यावर स्त्रीपुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत. त्यांची केशरचना नीट पाहून घ्या, अंबाड्याचे इतके प्रकार एका जागी पाहायला मिळायचे नाहीत. पण तिथेच रेंगाळू नका, खरी गंमत आत आहे.

उंबरा ओलांडून आत या आणि डोळे अंधाराला सरावले की मान वर करा. छताकडे बघा. माझ्याबरोबर आलेल्या एका आजींनी पहिल्याच नजरेत विचारलं, "अगं, एवढं लाकूड अजून किडलं कसं नाही?"

लाकूड नाहीच ते! सगळा दगड. पण वरच्या गोल छताला एकामागून एक वासे आहेत, कमानीसारखे वाकवलेले, अगदी सुताराने मोजून, तासून, आढ्याला भिडवल्यासारखे. बाजूला अठ्ठावीस अठपैलू खांब आणि त्यांच्यावर पट्टा. वाशांचे पाय त्या पट्ट्यापाशी टेकलेले. आणि प्रत्येक वाशाच्या बुडाशी नागाची किंवा नागिणीची एक छोटी मूर्ती, आळीपाळीने. जमिनीपासून छत सुमारे ३४ फूट. सबंध डोंगर वर असताना हे वासे कशाला हवेत? छप्पर तर काही पडणार नव्हतं! घराला वासे लागतात कारण कौलांचं ओझं पेलायचं असतं. इथे पेलणारा डोंगर, पेलला जाणाराही डोंगरच. तरीसुद्धा कारागिरांनी दोन वाशांमधला दगड टाकीने काढून काढून एकेक वासा शिल्लक ठेवला. नुसतं गुळगुळीत छत केलं असतं तर कितीतरी कष्ट वाचले असते.

याचं कारण जुनं आहे. आपल्याकडची सगळ्यात पहिली प्रार्थनागृहं लाकडाची होती. मग डोंगरात दगडाची कोरायला लागले, तरी डोळ्यांना सवय लाकडाच्या घराची. पुण्याकडच्या मैत्रिणींनी कार्ल्याचं लेणं पाहिलं असेल. तिथे दगडी छताला खरेखुरे लाकडी वासे बसवलेले आहेत आणि दोन हजार वर्षांपूर्वीचं ते लाकूड अजून जागच्या जागी आहे. भाज्यालाही तसंच. वेरूळपर्यंत येता येता लाकूड गेलं आणि त्याची आठवण तेवढी दगडात राहिली. हसू नका, पण आपल्या घरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे एकदा बघा. पाठीला वेताच्या विणीची नक्षी असते की नाही? प्लास्टिकला वीण कशाला? पण त्याशिवाय खुर्ची ही खुर्ची वाटत नाही.

आता मुख्य मूर्तीकडे या. मागच्या अर्धगोलात मोठा स्तूप आहे आणि स्तूपाच्या पुढ्यात, पाय खाली सोडून सिंहासनावर बसलेले भगवान बुद्ध. मागे बोधिवृक्ष, दोन्ही अंगांना बोधिसत्त्व. दोन्ही हात छातीशी आणलेले, एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटाला लागलेली. ही धर्मचक्रप्रवर्तनाची मुद्रा, म्हणजे बुद्ध उपदेश करताहेत. आजही बौद्ध भाविक इथे येऊन शांत बसतात. कोणी वंदना म्हणत असेल तर दोन मिनिटं थांबा. त्या गोल छताखाली एकट्या माणसाचा आवाज दहा जणांचा होतो.

पण मधल्या काही शतकांत इथे भिक्षू उरले नाहीत, लेण्यांना कुणी वाली राहिला नाही. त्या काळात इथे कोण यायचं? सुतार! गावोगावचे सुतार लांबून यायचे आणि या मूर्तीला विश्वकर्मा म्हणून हात जोडायचे. विश्वकर्मा हा त्यांच्या धंद्याचा देव, देवांचा कारागीर. ही मूर्ती बुद्धाची, हे आज शाळेतली मुलंही सांगतील. तेव्हा सुतारांचं चुकलं, असं म्हणून आपण मोकळ्या होऊ शकतो. मला मात्र तसं म्हणवत नाही. त्यांनी आधी मूर्ती पाहिलीच नसेल. सुतार घरात शिरला की पहिल्यांदा कुठे बघतो? आढ्याकडे! त्यांनी वर पाहिलं, वासे ओळखले, सांधे ओळखले. दगडात असं सुतारकाम करणारा माणसांतला असणं शक्य नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा आधी कळलं. मग समोर बसलेला तोच असणार, दुसरा कोण?

आणि त्या हातांचा अर्थही त्यांनी आपल्या परीने लावला. गोष्ट अशी सांगतात, की विश्वकर्म्याने एका लांबलचक रात्रीत ही लेणी कोरायला घेतली. काम करता करता बोटाला लागलं, आणि तेवढ्यात उजाडलं. काम राहिलं ते राहिलंच. तेव्हापासून तो दुखरं बोट धरून बसला आहे.

मला ही गोष्ट भारी आवडते. देवाच्या हातात चक्र, गदा, कमळ अशा वस्तू पाहायची आपल्याला सवय. पण विळीवर बोट कापलं की आपण दुसऱ्या हाताने ते जसं पटकन धरतो, तसं धरून बसलेला देव आणखी कुठे ऐकलाय का तुम्ही? असा देव कल्पायला ज्याच्या स्वतःच्या बोटांवर पटाशीचे वण आहेत, असाच माणूस हवा.

विश्वकर्मा तसा फार जुना. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात त्याची दोन सूक्तं आहेत, ८१ वं आणि ८२ वं. तिथे तो सगळं विश्व घडवणारा. पुढे पुराणांत त्याच्याकडे कामं वाटून आली, लंका बांध, द्वारका बांध, देवांची शस्त्रं घडव. रामाचा सेतू बांधणारा नल वानर हा त्याचाच मुलगा. पण या सगळ्यांपेक्षा त्याच्या लेकीची गोष्ट आपल्या जवळची आहे.

लेकीचं नाव संज्ञा. ती सूर्याला दिली होती. स्थळ उत्तमच म्हणायचं! पण नवऱ्याचं तेज तिला सोसेना. मुलं झाली, तरी सोसेना. शेवटी आपल्या जागी आपली छाया ठेवून ती माहेरी आली. बापाने काय केलं? जे पुष्कळ बाप करतात तेच. चार दिवस ठेवून घेतली आणि म्हणाला, बाळ, आता आपल्या घरी जा. ती घरी गेली नाही, घोडीचं रूप घेऊन रानात जाऊन राहिली. यथावकाश सूर्याला कळलं, तो सासऱ्याकडे आला. आणि मग या कारागीर बापाने जे केलं ते पाहा. त्याने लेकीला समजावलं नाही, व्रत सांगितलं नाही, गंडादोरा दिला नाही. जावयालाच फिरत्या चाकावर चढवलं आणि कातारी लाकूड कातून काढतो तसं त्याचं तेज कातून काढलं! आठवा हिस्सा उतरवला, तेव्हा तो नांदण्याजोगा झाला. त्या किसातून विष्णूचं चक्र झालं, शिवाचा त्रिशूळ झाला. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हेच.

पुरीच्या जगन्नाथाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. म्हाताऱ्या सुताराच्या रूपात विश्वकर्मा आला, बंद दाराआड मूर्ती घडवीन, मुदतीआधी दार उघडायचं नाही, अशी अट घातली. काही दिवसांनी आतून ठोकण्याचा आवाज येईना, राणी गुंडिचेला राहवेना आणि दार उघडलं गेलं. सुतार नाहीसा, मूर्ती अर्ध्या. राणीच्या उतावळेपणाला सगळे नावं ठेवतात. पण मी म्हणते, एक म्हातारा माणूस दिवसेंदिवस कोंडलेला, अन्न नाही, पाणी नाही, आवाज बंद झालेला. तुम्ही काय केलं असतं? मी तर दुसऱ्याच दिवशी दार ठोठावलं असतं!

वेरूळलाही एक राणी आहेच. कृष्ण याज्ञवल्की यांच्या 'कथाकल्पतरू' या जुन्या मराठी ग्रंथात तिची गोष्ट येते. राजा आजारी पडला, राणी माणिकावतीने घृष्णेश्वराला नवस केला, की पती बरा झाला तर शिवाचं देऊळ बांधीन आणि कळस पाहीपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. आता कळस म्हणजे देवळाचं शेवटचं काम. पाया, जोतं, भिंती, आणि मग कळस. कारागीर म्हणाले, काही महिने लागतील. तोवर राणीचं काय? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे आला. म्हणाला, आठवड्यात कळस दाखवतो. आणि त्याने डोंगराच्या माथ्यावरून, म्हणजे कळसापासूनच कोरायला सुरुवात केली! राणी जेवली. त्या देवळाला तिच्या नावावरून माणिकेश्वर म्हणत, तोच आपला कैलास, असं अभ्यासक मानतात. इतिहासात कैलासाचं श्रेय राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याला देतात, त्याचं राज्य इसवी सन ७५६ ते ७७३. पण कैलास वरून खाली कोरला हे काही कथेतलं नाही, ते त्या खडकातच दिसतं. एक बाई उपाशी आहे म्हणून काम उलटं सुरू करायचं, ही युक्ती ज्याला सुचली तो विश्वकर्म्याच्याच घरचा. ९ व्या शतकाच्या आरंभीच्या एका राष्ट्रकूट ताम्रपटात लिहिलं आहे, की हे आपण कसं घडवलं, याचं घडवणाऱ्यालाच नवल वाटलं. नवल लिहिलं, नाव मात्र लिहिलं नाही.

नावाची गोष्ट निघालीच आहे, तर पुन्हा कार्ल्याकडे वळते. तिथल्या एका शिलालेखात दरवाजाचं काम करणाऱ्याचं नाव आहे, धेनुकाकटाचा सामी, धंदा 'वढकी'. वढकी म्हणजे सुतार. विदर्भातल्या मैत्रिणी लगेच ओळखतील, तिकडे सुताराला अजून वाढईच म्हणतात. दोन हजार वर्षं झाली, माणूस गेला, गाव कुठलं ते पंडित शोधताहेत, धंद्याचं नाव तेवढं घरोघर चालू आहे. वेरूळच्या दहा नंबरच्या लेण्यात असं एकाही कारागिराचं नाव वाचायला मिळत नाही.

परंपरेने विश्वकर्म्याचे पाच मुलगे सांगतात, मनू, मय, त्वष्टा, शिल्पी आणि दैवज्ञ. त्यांच्यापासून लोहार, सुतार, तांबट, पाथरवट आणि सोनार. म्हणून या मंडळींना पांचाळ म्हणतात. महाराष्ट्रात माघ शुद्ध त्रयोदशीला विश्वकर्मा जयंती असते, त्या दिवशी हत्यारं धुऊन-पुसून पुजतात. बंगालकडे हीच पूजा १७ सप्टेंबरच्या सुमाराला येते. या पाचांत लोहाराचं नाव पहिलं, ते योग्यच आहे. वेरूळचा दगड काळा कातळ. टाकी दगडावर चार घाव घालते न घालते तोच तिचं टोक बोथट होतं. म्हणजे जिथे पाथरवट, तिथे जवळच लोहाराची भट्टी हवीच. ज्या डोंगरात शेकडो वर्षं टाक्या वाजल्या, त्या डोंगराच्या पायथ्याशी तितकीच वर्षं भाते चालले असणार. टाक्या तापवायच्या, ठोकायच्या, पाणी द्यायचं, परत वर पाठवायच्या. लेण्यांत हत्ती आहेत, यक्ष आहेत, नाचणारे गण आहेत. ऐरण मात्र कुठे दिसत नाही.

आणि पाच मुलग्यांच्या यादीत ती बाई नाही, जिच्याशिवाय लोहाराचं काम चालत नाही. परतीच्या वाटेवर, खुलताबादच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला घिसाड्यांचं बिऱ्हाड उतरलेलं आम्हाला दिसलं. मराठवाड्यात बाजाराच्या गावांना तुम्हीही पाहिलं असेल. जमिनीत खड्डा करून भट्टी, पुढ्यात ऐरण. पुरुष बसलेला, सांडशीत लाल लोखंड धरून ते इकडून तिकडे फिरवणारा. आणि उभी राहून घण मारणारी त्याची बायको. पदर कमरेला खोचलेला, झोळीतलं पोर झाडाच्या सावलीला. घण डोक्याच्या वर जातो आणि नेमका तिथेच पडतो, जिथे नवऱ्याने लोखंड वळवलेलं असतं. दोघंही एक शब्द बोलत नाहीत. मी तिला विचारलं, "बाई, हात भरून येत नाहीत?" ती म्हणाली, "येत्यात की. पन थांबलं तर लोखंड गार होतंय." आणि पुन्हा घण उचलला.

लोखंड जुन्या ट्रकच्या पाट्यांचं होतं. त्यातून ती दोघं विळे, खुरपी, विळीची पाती करत होती. पातं झालं की नवरा त्याची धार पुन्हा लाल करून पाण्यात बुडवतो. याला पाणी पाजणं म्हणतात. कमी पाजलं तर धार वळते, जास्त झालं तर तुकडा उडतो. किती, ते नुसत्या रंगावरून ठरतं. तिथे घड्याळ नाही की मोजमाप नाही. मोटारीतून उतरलेल्या एका गृहस्थांनी पात्याची किंमत निम्म्यावर आणायचा बराच प्रयत्न केला. त्यांच्या हातात तेव्हा लेण्यांच्या वाहनतळावरून घेतलेली प्लास्टिकची खेळणी होती. तिथे त्यांनी घासाघीस केली असेल की नाही, कोण जाणे.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद, तिथून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर. मंगळवारी लेणी बंद असतात, तेव्हा वार बघून निघा. सकाळी कैलास पाहून घ्यावा आणि दहा नंबरचं लेणं दुपार कलल्यावर गाठावं. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, त्यामुळे उतरतं ऊन वरच्या खिडकीतून आत येतं आणि वासे एकेक करून उजळतात. वर सज्जात जायला दगडी जिना आहे. मोकळा असला तर जरूर चढा, तिथून छत अगदी जवळ दिसतं. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र खालीच खांबाशी बसावं. मूर्तीला हळदकुंकू लावायचं नाही, फुलं-नारळ न्यायचे नाहीत, हे बरोबरच्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी रखवालदाराशी वाद नको.

येताना असं घिसाड्यांचं बिऱ्हाड दिसलं तर एखादं पातं जरूर घ्या. घरी आणल्यावर पहिल्यांदा राखेने किंवा भुशाने घासून धुवावं, लगेच कोरडं पुसावं आणि खोबरेल तेलाचा हात फिरवावा. चिंच, लिंबू, कैरी चिरल्यावर पातं तसंच ठेवू नये, काळं पडतं आणि भाजीलाही लोखंडी वास लागतो. पातं पाटाला बसवून मात्र सुताराकडूनच घ्या, घरच्या घरी खिळे ठोकले तर ते हलतं. आणि परतीच्या प्रवासात पातं दुहेरी वर्तमानपत्रात गुंडाळून, धारेची बाजू आत करून, पिशवीच्या तळाशी ठेवा. एस. टी. भरलेली असते आणि मुलं खाऊसाठी पिशवीत हात घालतातच.